चौथं शील

माठापर्यंत जायला विमलाबाईंना भिंत धरावी लागत होती, तरी त्या कोणाला हात लावू देत नव्हत्या. परवा संध्याकाळपासून हे असंच चाललं होतं. भिंतीच्या कडेकडेनं यायचं, माठावरचं झाकण सरकवायचं, ओगराळं बुडवायचं. निम्मं पाणी पेल्यात, निम्मं पांढऱ्या साडीच्या निऱ्यांवर. तेवढं पिऊन पुन्हा भिंत धरत खोलीत. घरातल्या कोणाच्या हातचा घोटसुद्धा त्यांनी घेतला नव्हता. अन्नाचं तर नावच नको.

वैशाली ओट्याशी पाठमोरी उभी राहून भाकरी थापत होती. वळून बघायचा तिला धीर होत नव्हता.

"आजी, मी देऊ का काढून?" ती पिठालाच विचारल्यासारखी म्हणाली.

ओगराळं माठाच्या काठावर वाजलं. तेवढंच उत्तर.

भाद्रपदाची पौर्णिमा होती, तीन महिन्यांच्या वर्षावासाचे दोन महिने सरले होते. विमलाबाईंना सत्त्याण्णवावं लागलं होतं आणि धर्मांतरानंतरच्या पहिल्या आषाढापासून त्यांनी एक वर्षावास सोडला नव्हता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत रोज आठ शीलं घ्यायची, बाराच्या आत जेवायचं आणि मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत दाताखाली काही धरायचं नाही. गाळलेलं लिंबाचं पाणी चालतं, कोरा चहा चालतो. मोहने गावच्या चाळीत नवरा रात्रपाळी करून यायचा तेव्हाही हे चाललं, तो गेला त्या वर्षीही चाललं, आणि मुलानं, जगननं, कोपरला ब्लॉक घेतल्यावर इथंही चाललं.

मागच्या साली कुठल्याशा कॉलेजातली एक मुलगी म्हाताऱ्या माणसांची पाहणी करत आली होती. पूर्वी काय खायचात, असं तिनं विचारलं. "मिळंल ते." आणि आता? "बाराच्या आत मिळंल ते." मुलगी हसली, पण लिहून घेऊन गेली. कोपरच्या बायका तर छातीठोक सांगायच्या, आजी टिकली ती शीलावर. नातू प्रशांत म्हणायचा, शीलावर कसली, हाडच मजबूत आहे, उपास करूनही जगली. वैशाली या वादात पडत नसे. प्रशांतशी लग्न होऊन या घरात आल्यापासून ती रोज पहाटे आजींच्या शेजारी बसून वंदना म्हणत आली होती. तिसऱ्या वर्षापासून वर्षावासात आठही शीलं घेऊ लागली. घरात तिचा आवाज कधी चढला नाही. आणि आज त्याच न चढणाऱ्या आवाजाची तिला भीती वाटत होती.

आषाढात विमलाबाईंना संध्याकाळची दोनदा चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, या वयात दुपारपासून सकाळपर्यंत पोट रिकामं ठेवणं बरं नव्हे. "तुमचं वय काय, डॉक्टर?" विमलाबाईंनी विचारलं. बेचाळीस, म्हणाले. "मग मागनं बोलू." विषय तिथंच संपला, पण शकूसाठी नाही. शकू त्यांची थोरली लेक, बहात्तरीची. खोपटला एसटी डेपोच्या मागं राहायची. तिचे मिस्टर एसटीत होते, ते गेल्यापासून एकटीच. दुसरी चक्कर आली तेव्हा ती भेटायला आलेली होती. मग श्रावणी पौर्णिमेच्या सुमारास ती बॅग घेऊन आली ती इथंच राहिली, आणि येताना ताकदीच्या पावडरचा डबा घेऊन आली. रोज संध्याकाळी आईच्या लिंबाच्या पाण्यात दोन चमचे. आईला सांगितलं नाही. वैशालीनं पहिल्याच दिवशी पाहिलं. शकूनं तोंडावर बोट ठेवलं आणि वैशालीनं मान खाली घातली.

परवा ते उघड झालं. आणि परवाच, पेला हातात धरून, विमलाबाईंनी वैशालीला विचारलं होतं, "यात काई घातलंय का गं?"

"मला ठाऊक नाही, आजी," वैशाली म्हणाली होती.

विमलाबाईंनी पेला खाली ठेवला. तो ठेवलाच.

बाहेरच्या खोलीत आवाज चढायला लागले तशी वैशाली पदराला हात पुसत दारात जाऊन उभी राहिली.

"बेड मिळालाय," प्रशांत सांगत होता. "ठाण्यात. गाडी दोनला येतेय. आता डिस्कशन नको कोणाचं."

"आईला विचारलंस?" जगननं चष्मा काढून हातात घेतला.

"पप्पा, तिला विचारत बसलो म्हणूनच तर इथपर्यंत आलोय ना आपण."

"बरोबर बोलतोय पोरगा," शकू म्हणाली. "दोन बाटल्या सलाईन गेलं की डोकं ठिकाणावर येईल तिचं. हट्टी बाई! लहानपणापासून बघतेय मी."

"तू बोलूच नकोस, शकूताई. तुझ्या डब्यानं झालंय हे सगळं."

"माझ्या डब्यानं? महिनाभर चक्कर आली का तिला? सांग ना, आली? गालावर तुकतुकी आली होती. आणि तोंड कोणी उघडलं? 'आई, शकूताईची पावडर मानवली हो तुला', कोण म्हणालं?"

"मी सहज म्हणालेलो. मला काय माहीत तिला सांगितलेलंच नाही ते!"

"तुला कधी काय माहीत असतं, जग्या?"

"आत्या, पप्पा, प्लीज." प्रशांतनं दोघांमध्ये हात धरला. "ऐका. तिथं गेल्यावर पहिलं सलाईन. तोंडानं घेत नसेल तर नाकातून नळी टाकतील. नळीतून पातळ अन्न जातं. म्हातारी माणसं ओढून काढतात ती, म्हणून हात थोडे बांधून ठेवतात. नॉर्मल आहे ते, घाबरायचं नाही."

शकूनं त्याचा दंड धरला.

"हात बांधतात? कोणाचे?"

"आत्या, पेशंटचे."

"आईचे?" शकूचा आवाज एकदम खाली आला. "नाही. मग नाही. मला वाटलं सुई टोचतील आणि सोडतील. बांधायचं नाही कोणी तिला. गाडी नको बोलवूस."

"अरे यार, आत्ता तर तू बरोबर म्हणालीस!"

"आत्ता तू सांगितलंस ते आधी सांगायचं होतंस."

मग जगननं उलट बाजू धरली. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत तो म्हणाला, "काय करायचं मग? डोळ्यांदेखत जाऊ द्यायची? तू जाशील खोपटला. लोक मला म्हणतील, जगननं आईला उपाशी मारली. समाजात तोंड दाखवायचं मला आहे. येऊ दे गाडी."

"तुझ्या तोंडासाठी तिच्या नाकात नळी?"

"वैशाली," प्रशांत वळला, "तू सांग ना तिला. तुझं ऐकते ती. बारा वाजून गेले तर आजही काही घेणार नाही. अजून पाऊण तास आहे. बघ ना प्लीज."

तिघेही तिच्याकडे बघू लागले. वैशालीनं ताट वाढलं, मुगाच्या आमटीत भाकरी कुस्करली, आणि खोलीत गेली.

विमलाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा इतका लहान झाला होता की कान मोठे दिसत होते. डोळे मात्र लख्ख.

"कोणी केलंय?"

"मी, आजी."

"काय काय घातलंय?"

"मूग. लसूण, हळद, मीठ."

"आनि?"

"आणि काही नाही."

विमलाबाई ताटाकडे बघत राहिल्या. भूक त्यांनाही होती. त्यांचा गळा एकदा हलला, ते वैशालीला दिसलं. मग त्यांनी ताट दोन बोटांनी हळूच मागं सारलं.

"खरं बोलत असशील. पर इश्वास बसंना, पोरी."

त्या वेळी पाय धरून सांगून टाकावं, असं वैशालीच्या अगदी ओठावर आलं. पण बाहेर सासरे होते, नवरा होता, आणि जिचं नाव घ्यायचं ती आत्या होती. ओठावर आलं ते ओठावरच राहिलं. ती ताट उचलून बाहेर आली आणि सगळ्यांनी भरल्या ताटाकडे पाहून माना खाली घातल्या.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात तिसऱ्या मजल्यावरची रतनताई आणि तिच्यामागे आणखी चार बायका. सगळ्या पांढऱ्या साड्यांत, अंघोळ करून आलेल्या. हातांत आपापले डबे. दर पौर्णिमेला विहारात भन्ते असतील तर तिकडे जायचं आणि नसतील तर आजींकडून शीलं घ्यायची, बाराच्या आत एकत्र जेवायचं, ही इमारतीची जुनी रीत. आजींनी घास उचलल्याशिवाय कोणी घास उचलत नसे.

"जयभीम, जगनभाऊ. उशीर झाला का?"

"ताई, आज नको," जगन दार अडवून म्हणाला. "आईची तब्येत बरी नाही. हॉस्पिटलला नेतोय. तुम्ही आपापल्या घरी—"

"कोन आलंय?" आतून आवाज आला. बारीक होता, पण घरभर ऐकू गेला.

"कोणी नाही, आई, तू पड."

"जग्या, आता तूबी?" विमलाबाई म्हणाल्या. "आत घे त्यास्नी."

जगन दारातून बाजूला झाला.

बायकांनी सतरंजी अंथरली. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, उदबत्ती लावली. विमलाबाई भिंत धरून आल्या, रतनताईनं पुढं केलेला हात त्यांनी धरला, आणि त्या मूर्तीच्या बाजूला खुर्चीत बसल्या. वैशाली नेहमीसारखी पहिल्या रांगेत. शकू मागं, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून. प्रशांत घड्याळाकडे बघत उभा, जगन त्याच्या शेजारी.

बायकांनी रीतीप्रमाणे तीनदा शीलांची याचना केली. विमलाबाईंनी डोळे मिटले. पहिलं शील त्यांनी एका दमात सांगितलं. जीवहत्या करणार नाही. बायका मागोमाग म्हणाल्या. दुसरं, न दिलेलं घेणार नाही. तिसऱ्याला मध्येच श्वास घ्यावा लागला, पण आवाज आधीपेक्षा भरदार झाला होता. वैशालीला आश्चर्य वाटलं नाही. ती वर्षानुवर्षं हे पाहत आली होती. या बाईला अन्नापेक्षा लवकर काही लागू पडत असेल तर ते हे, समोर कोणीतरी बसून तिच्या तोंडून काही मागतंय, हे.

चौथं. मुसावादा. खोटं बोलणार नाही.

बायका म्हणाल्या. वैशालीही म्हणाली. स्पष्ट, शुद्ध, एकही अक्षर न गाळता, जसं ती रोज म्हणते तसं. म्हणून झाल्यावर तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

विमलाबाई पाचव्यावर गेल्या नाहीत. डोळे उघडून त्या बायकांच्या डोक्यांवरून मागं बघू लागल्या.

"शके. तुजा आवाज आला न्हाई."

शकूचा आवाज म्हणजे चार घरं पलीकडे जाणारा. तो नसला की लगेच कळे.

"आला नाही, कारण मी म्हटलं नाही," शकू म्हणाली.

"म्हन."

"नाही म्हणत."

बायका मागं वळल्या. रतनताई कुजबुजली, "म्हण ना गं, शकूताई, एक वाक्य तर आहे."

"एक वाक्य आहे म्हणूनच नाही म्हणत." शकू दारापासून पुढं आली. गुडघे दुखत होते, तरी सतरंजीच्या काठावर उभी राहिली. "खोटं बोलणार नाही, असं मूर्तीपुढं म्हणू आणि उद्या परत पेल्यात पावडर घालू? ते जास्त वाईट. मी घातली, आई. महिनाभर घातली. तुला चक्कर आली, तू माझ्या अंगावर पडलीस, चिमणीएवढं वजन लागलं हाताला. मी घाबरले. परत तसं झालं तर परत घालीन. सांगून घातली तर तू पिणार नाहीस, म्हणून न सांगता घालीन. घे, हे खरं. आता काय करायचं ते कर."

"आत्या!" प्रशांत म्हणाला.

"थांब रे," विमलाबाईंनी हात वर केला. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. "शके, तुला ठाव हाय का मी का रागावले ते?"

"उपास मोडला म्हणून."

"उपास न्हाई मोडत तसा. मला म्हाईत न्हवतं, तर माझा काय दोष? मला एवढं कळतं." त्या थांबल्या. दम खाल्ला. "आमच्या गावात पाटलाच्या दारात उभं राह्यलं की वरून टाकायचे. पदरात. काय हाय, कालचं का परवाचं, इटलेलं का कुत्र्यानं हुंगलेलं, कोन इचारनार? टाकलं की घ्यायचं. माझी आय तसंच घ्यायची, मीबी घेतलं. न्हानी होते. ते सुटलं. धर्म बदलला तवाच मनाशी म्हनलं, आता माझ्या ताटात न इचारता कोनी काई टाकायचं न्हाई. भूक असो नसो. मोप उपाशी ठेवलं लोकांनी आमाला. आता मी ऱ्हाते ती माझ्या मर्जीनं. यवढीच काय ती माझी मिळकत हाय, शके. तीत तू हात घातलास."

शकू उभी होती ती खाली बसली. तिनं डोळ्यांना पदर लावला नाही, नुसती नाक ओढत राहिली.

"मला हे कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तुमास्नी असलं कशाला सांगायचं?"

"सांगायचं होतंस. मग घातली नसती." शकू थांबली, मान हलवली. "नाही. खोटं कशाला बोलू. तरी घातली असती."

विमलाबाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसू होतं की काय, ते कोणाला सांगता आलं नसतं. मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि पाचवं शील सुरू केलं. सहावं आलं, अवेळी खाणार नाही. सातवं, आठवं. शकू सगळी म्हणाली, चौथं सोडून. शेवटी सगळ्या बायका "साधू, साधू, साधू" म्हणाल्या तेव्हा प्रशांतचं लक्ष घड्याळावर खिळलेलं होतं.

"वाढा," विमलाबाई म्हणाल्या.

जगन एकदम पुढं झाला. वैशाली ताट आणायला उठली, पण विमलाबाईंनी मान हलवली.

"शकीला वाढू दे. तिच्या हातचं खाईन. ती खरं बोलली."

वैशाली उठली होती ती तशीच उभी राहिली. मग आतून डाव आणून तिनं आत्याच्या हातात दिला.

बायकांनी डबे उघडले. आजींनी पहिला घास घेतला आणि मग बायकांनी आपापला उचलला. रतनताई तेवढी पदराआड रडत भाकरी मोडत होती. प्रशांत गॅलरीत गेला आणि फोनवर हळू आवाजात म्हणाला, "हां, कॅन्सल करा. नाही, नाही, बरी आहे. जेवतेय." आत येऊन त्यानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. जगननं तो झटकला, मग स्वतःच धरला.

बारा वाजायच्या आत विमलाबाईंनी अर्धी भाकरी संपवली आणि ताटाला नमस्कार केला. हात धुता धुता म्हणाल्या, "जग्या, मी शकीबरोबर जाते. खोपटला. आश्विनाची पौर्णिमा झाली की येईन."

"का? माझ्या घरात काय कमी आहे?"

"तुझ्या घरात समदे चांगले हायेत. शकी भांडते. सकाळच्या पेजेत काय घालायचं ते घालू दे तिला, पर सांगून. सांजच्याला पेला दिला की मी इचारीन, ती सांगंल, मी वतून दीन."

"ओतलंस तर दुसरा करीन," शकू म्हणाली.

"कर. तेबी वतीन."

"बघू कोण दमतं ते."

"बघू."

बायका हसल्या. जगनही हसला, पण त्याचा चेहरा हसला नाही. त्याला काय लागलं ते वैशालीला कळलं, कारण तेच तिलाही लागलं होतं. इतकी वर्षं पहाटे ज्या बाईच्या शेजारी ती बसत आली, त्या बाईला आता तिच्या घरापेक्षा भांडण बरं वाटत होतं.

ती खोलीत जाऊन बॅग भरू लागली. पांढऱ्या साड्या, स्वेटर, गुडघ्याला चोळायचं तेल, रात्री लागणारी मऊ उशी. विमलाबाई येऊन खाटेवर बसल्या आणि तिला घड्या घालताना बघत राहिल्या. बाहेर शकू प्रशांतला गाडी खाली लावायला सांगत होती.

वैशालीनं बॅगेची चेन लावली. मग चेनवर हात तसाच ठेवून, वर न बघता ती म्हणाली,

"आजी, परवा मला ठाऊक होतं."

"मलाबी ठाव होतं."

वैशालीनं वर पाहिलं. "पावडरचं?"

"जग्या बोलला होता की सकाळीच, तू न्हवतीस तवा. मी गप ऱ्हायले. सांजच्याला पेला घेऊन तुला इचारलं तवा मला समदं ठाव होतं."

"मग विचारलंत कशाला?"

"तू सांगशील म्हनून."

वैशाली खाली बसली. तिला वाटत आलं होतं की आजींनी जेवण टाकलं ते पावडरीनं. तीन दिवस ती आत्याच्या चुकीला मनात नावं ठेवत होती.

"मी घाबरले, आजी," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही पेला टाकला असता आणि तुम्हाला काही झालं असतं. आणि आत्यांचं नाव घेतलं असतं तर घरात भांडण झालं असतं. मला भांडण नको होतं. मला नेहमीच नको असतं."

"व्हय. तू शांत हायेस. शांत मानसाचं काई कळत न्हाई गं, खरं शांत हाय का गप हाय."

"मघाशी चौथं मी म्हटलं. शुद्ध म्हटलं."

"ऐकलं मी."

"ते मी मागं घेते." बोलताना तिचा आवाज फुटला आणि बाहेर गेला. बाहेरचं बोलणं थांबलं, तरी तिनं आवाज खाली केला नाही. "मी खोटं बोलले. आत्यांनी घातलेलं मी रोज पाहिलं, आणि रोज पहाटे तुमच्या शेजारी बसून चौथं म्हटलं."

दारात प्रशांत आला होता, त्याच्यामागं जगन. विमलाबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी वैशालीचं मनगट धरलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी या घरातल्या कोणाचा आधार घेतला, आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"फुडच्या पुनवेला मी हितं नसनार," त्या म्हणाल्या. "रतन येईल बायका घेऊन. शीलं तू दे."

"मी? आजी, मी कशी देऊ? आत्ताच तर सांगितलं मी तुम्हाला."

"म्हनूनच."

"चौथ्याला माझी जीभ वळणार नाही."

"नको वळू दे," विमलाबाई म्हणाल्या आणि तिचं मनगट न सोडता दाराकडे चालू लागल्या. "बायका थांबतील."